विभाज्यतेच्या अटकळी आणि प्रत्युदाहरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आठवी ते बारावीच्या मुलांना गणित शिकवते. ‘हे नेहमी खरं आहे का?’ या एका प्रश्नाभोवती वर्गात आणि पालकांकडून जे काही विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. संख्यांसाठी अ, ब, क, न ही अक्षरं वापरली आहेत. घात दाखवायला ^ ही खूण आहे, म्हणजे २^५ म्हणजे २ चा पाचवा घात, ३२. ‘भाग जातो’ म्हटलं की निःशेष भाग जातो असंच समजावं.

प्रत्युदाहरण म्हणजे नेमकं काय?

६ ने भाग जातो का हे बघायला २ आणि ३ च्या कसोट्या लावायच्या, हे शाळेत पाठ झालेलं असतं. मग वर्गात कुणीतरी म्हणतंच, ‘२४ साठी ४ आणि ६ च्या लावू. चार सक चोवीस!’ मी फळ्यावर लिहिते: ज्या संख्येला ४ ने आणि ६ ने भाग जातो, तिला २४ ने भाग जातो. मुलं तपासायला लागतात. २४ ला जातो, ४८ ला जातो, ७२ ला जातो, १२० लाही जातो. एकदा शेवटच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ गप्प होती. ती हळूच म्हणाली, ‘बाई, १२?’

१२ ला ४ ने भाग जातो, ६ ने जातो, २४ ने जात नाही. हे प्रत्युदाहरण. अटकळीत जे गृहीत धरलंय ते सगळं या संख्येत आहे, आणि जे घडेल म्हणून सांगितलंय ते मात्र घडत नाही.

बाकीच्या मुलांनी २४ च्या पाढ्यातल्याच संख्या घेतल्या होत्या. अटकळ जिथे खरी ठरणार हे आधीच ठाऊक आहे, तिथेच ती तपासली, तर ती कधी पडणारच नाही. त्या मुलीने उलटा विचार केला: ४ आणि ६ दोघांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या कोणती? म्हणजे लसावि. तो २४ नाही, १२ आहे.

शंभर ठिकाणी खरं ठरलं आणि एकाच ठिकाणी चुकलं, तरी विधान खोटंच?

हो, खोटंच. आपण बोलताना ‘नियम म्हटला की अपवाद आलाच’ असं सहज म्हणतो, पण गणितातल्या ‘प्रत्येक’ या शब्दात अपवादाला जागाच नसते.

मात्र विधानात ‘प्रत्येक’ आहे की ‘एखादी तरी’, हे आधी वाचा. ‘अशी एखादी संख्या असते, जिला १ ते १० पर्यंतच्या सगळ्या संख्यांनी भाग जातो’ हे विधान खोटं आहे असं म्हणून कुणी ७ दाखवला, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. इथे एक संख्या दाखवायची आहे ती विधान खरं ठरवण्यासाठी. २५२० दाखवा, काम झालं.

मी उदाहरण दिलं होतं, तरी चूक म्हणून खूण केली. असं का?

बहुतेक वेळा कारण एकच असतं: उदाहरण विधानाचं नसून त्याच्या व्यत्यासाचं असतं.

विधान असं समजा: ‘ज्या संख्येला ६ ने भाग जातो, तिला ३ ने भाग जातो.’ यावर एक मुलगा ९ घेऊन येतो. ९ ला ३ ने भाग जातो, पण ६ ने जात नाही. बरोबर आहे, पण मूळ विधान ९ बद्दल बोलतच नाही, कारण ९ ला ६ ने भाग जात नाही. ९ मुळे ‘३ ने जातो तर ६ ने जातो’ हा व्यत्यास खोटा ठरतो. मूळ विधान खरंच आहे.

म्हणून दोन ओळी लिहायची सवय लावून घ्या. पहिल्या ओळीत ‘गृहीत:’ आणि तिथे टिक. दुसऱ्या ओळीत ‘निष्कर्ष:’ आणि तिथे फुली. टिक आणि फुली, दोन्ही जागच्या जागी असल्या तरच ते प्रत्युदाहरण.

प्रत्युदाहरण शोधायचं कसं? अंदाजाने संख्या घालत बसायचं का?

थोडा वेळ जरूर घाला. ०, १, −१ या तिघांना तर कधीच विसरू नका. ‘अ ला ब ने भाग जातो आणि ब ला अ ने भाग जातो, म्हणून अ = ब’ हे नैसर्गिक संख्यांत खरं आहे. पूर्णांकांत ३ आणि −३ घेतले की संपलं. विधान कोणत्या संख्यांबद्दल आहे हे न वाचता उत्तर लिहिणारे इथे हमखास फसतात. त्यानंतर ४, ६, ८, १२ यांच्याकडे वळा. ४ मध्ये एकच मूळ अवयव दोनदा येतो, ६ मध्ये दोन वेगळे येतात, १२ मध्ये दोन्ही गोष्टी आहेत. विभाज्यतेची बरीच विधानं इथेच गळून पडतात.

पण खरी पद्धत म्हणजे मूळ अवयवांचे घातांक मांडणं. उदाहरण नीट बघू.

अटकळ: ब^३ ला अ^२ ने भाग जातो, तर ब ला अ ने भाग जातो.

वाचताना हे पटल्यासारखं वाटतं. आता सोपं करून बघू. अ आणि ब दोन्ही २ चेच घात आहेत असं धरू. अ मध्ये २ हा ‘क्ष’ वेळा येतो, ब मध्ये ‘य’ वेळा. मग गृहीताचा अर्थ एवढाच उरतो की क्ष ची दुप्पट ही य च्या तिपटीपेक्षा मोठी नाही. आणि निष्कर्ष मोडायचा म्हणजे क्ष हा य पेक्षा मोठा हवा. य = १ घेतला तर तिप्पट ३, त्यामुळे क्ष फार तर १. जमलं नाही. य = २ घेतला तर तिप्पट ६, क्ष = ३ चालतो, आणि ३ हा २ पेक्षा मोठा आहे. सापडलं! अ = ८, ब = ४. ब^३ = ६४ आणि अ^२ = ६४. भाग जातो. पण ४ ला ८ ने भाग जात नाही.

आता घात उलटे करा: ब^२ ला अ^३ ने भाग जातो, तर ब ला अ ने भाग जातो. तीच मांडणी केली तर क्ष ची तिप्पट ही य च्या दुपटीपेक्षा मोठी नाही, म्हणजे क्ष कधीच य पेक्षा मोठा होऊ शकत नाही. प्रत्येक मूळ अवयवाला हेच लागू पडतं. म्हणजे हे विधान खरं आहे, आणि प्रत्युदाहरण शोधता शोधता सिद्धताच हातात आली. मला या विषयात सगळ्यात जास्त आवडते ती हीच गोष्ट. मन लावून मोडायला गेलात तर एक तर विधान मोडतं, नाहीतर ते का मोडत नाही हे दिसतं.

प्रत्युदाहरण सापडलं. आता पुढे काय?

पुढे विधान दुरुस्त करायचं, आणि दुरुस्ती कुठे करायची हे ते उदाहरणच सांगतं. १२ ने दाखवलं की ४ आणि ६ मध्ये २ हा अवयव सामाईक आहे, आपण तो दोनदा मोजला. म्हणजे हवी ती अट: दोन्ही संख्या सहमूळ असाव्यात, म्हणजे १ सोडून त्यांचा एकही सामाईक विभाजक नसावा. ३ आणि ८ सहमूळ आहेत, म्हणून २४ साठी त्यांच्या कसोट्या लावल्या की चालतं.

आणखी एक नेहमीची अटकळ घ्या: ब × क ला अ ने भाग जातो, तर ब ला तरी जातो किंवा क ला तरी जातो. ४ × ९ = ३६, त्याला ६ ने भाग जातो. पण ४ ला ६ ने जात नाही, ९ लाही जात नाही. काय झालं? ६ मधला २ एका संख्येतून आला आणि ३ दुसरीतून. म्हणजे अ चे असे वाटे पडू नयेत. अ मूळ संख्या असेल तर तो दोन ठिकाणी वाटला जाणारच नाही, आणि मग विधान खरं ठरतं. हे युक्लिडच्या काळापासून माहीत असलेलं प्रमेय आहे आणि मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात या गोष्टीचा पाया तेच आहे.

एक सावधगिरी. तीन संख्या आल्या की ‘सहमूळ’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. ६, १०, १५ या तिघांचा मिळून मसावि १ आहे, पण त्यातली कुठलीच जोडी सहमूळ नाही. ३० ला तिघांनीही भाग जातो, त्यांच्या गुणाकाराने, म्हणजे ९०० ने, अर्थातच जात नाही. दुरुस्त केलेलं विधानही पुन्हा तपासावं लागतं ते यासाठीच.

मसावि × लसावि = संख्यांचा गुणाकार. तीन संख्यांना हे का चालत नाही?

२, ३, ४ घ्या. मसावि १, लसावि १२, गुणाकार २४. दोन संख्यांत प्रत्येक मूळ अवयवाचा लहान घात मसाविला मिळतो आणि मोठा लसाविला, मागे काही उरत नाही. तीन संख्यांत मधला घात कुणाच्याच वाट्याला येत नाही.

३ ची आणि ९ ची कसोटी अंकांच्या बेरजेची आहे. मग २७ ची तशीच का नाही?

१८९९ घ्या. १ + ८ + ९ + ९ = २७. बेरजेला २७ ने भाग जातो, पण १८९९ = ९ × २११, आणि २११ ला ३ ने भाग जात नाही. म्हणजे १८९९ ला २७ ने भाग जात नाही. उलट बाजूने तर खुद्द २७ च पुरे: त्याच्या अंकांची बेरीज ९.

९ ची कसोटी चालते, कारण १० ला ९ ने भागलं की बाकी १ उरते. १००, १००० यांचीही तीच गत. म्हणून प्रत्येक अंकाचं स्थान काहीही असलं तरी तो स्वतःएवढीच भर घालतो. १० ला २७ ने भागलं तर बाकी १० च राहते, १ नाही. पण ९९९ = २७ × ३७, म्हणजे १००० ला २७ ने भागल्यावर बाकी १ उरते. मग २७ साठी तीन-तीन अंकांचे गट करा आणि त्यांची बेरीज घ्या. १८९९ चे गट १ आणि ८९९, बेरीज ९००, आणि ९०० ला २७ ने भाग जात नाही. कसोटी आहे, फक्त ती अंकांची नाही, गटांची आहे. ही दुरुस्ती मुलांना स्वतः सापडू द्यावी, सांगून टाकू नये.

किती संख्यांपर्यंत तपासलं की खात्री धरावी?

कितीही तपासलंत तरी नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

न^३ − न ला ३ ने भाग जातो. न^५ − न ला ५ ने जातो. न^७ − न ला ७ ने जातो. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून न^९ − न ला ९ ने? न = २ घ्या: ५१२ − २ = ५१०, अंकांची बेरीज ६, भाग जात नाही. ३, ५, ७ मध्ये समान धागा ‘विषम’ हा नव्हता, ‘मूळ’ हा होता. नमुना बरोबर दिसला, पण आपण त्याचं नाव चुकीचं ठेवलं.

ऑयलरने १७७२ मध्ये ज्याकडे लक्ष वेधलं तो नमुना असा: न^२ + न + ४१ मध्ये न = ० पासून ३९ पर्यंत काहीही घाला, ओळीने चाळीस मूळ संख्या मिळतात. न = ४० घातलं की १६८१, म्हणजे ४१ × ४१. हे आकडेमोड न करताही दिसतं: ४०^२ + ४० म्हणजे ४० × ४१, त्यात आणखी एक ४१ मिळवला. तपासण्याआधी सूत्राकडे नीट पाहिलं असतं तर ४० आणि ४१ हे धोक्याचे आकडे आधीच कळले असते.

फर्माची गोष्ट तर प्रत्येकाने वहीत उतरवून घ्यावी अशी आहे. २^१ + १, २^२ + १, २^४ + १, २^८ + १, २^१६ + १ म्हणजे ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ. घातांक असाच दुप्पट करत गेलं तर सगळ्याच मूळ असतील, असा विश्वास फर्माने १६४० च्या सुमारास पत्रांतून व्यक्त केला. पुढची संख्या ४,२९,४९,६७,२९७. ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं की ती ६४१ × ६७,००,४१७ आहे.

ऑयलर २, ३, ५, ७ करत ६४१ पर्यंत पोचला असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून येतो, याचा त्याने आधार घेतला. अशा मूळ संख्या कोणत्या? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचवा भागाकार, आणि निकाल! नुसता नेट लावून शोधणं आणि विचार करून शोधणं यातला फरक इथे दिसतो.

६४१ ने भाग जातो हे मोठा भागाकार न करताही पटवता येतं. ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा. पहिल्यावरून, ५ × २^७ ला ६४१ ने भागलं की बाकी −१, म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून, ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. म्हणजे −२^३२ ची बाकी १, आणि २^३२ + १ ची बाकी शून्य. दहावीच्या मुलाला हे चार ओळींत समजतं. एकदा स्वतःच्या हाताने लिहून बघा.

आणि प्रत्युदाहरण किती दूर असू शकतं? न^१७ + ९ आणि (न + १)^१७ + ९ यांचा मसावि १ च येतो असं कितीही दिवस तपासत बसलात तरी दिसेल. तो १ न येणारी पहिली न ही संख्या ५२ अंकी आहे.

युक्लिडच्या सिद्धतेत ‘सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार अधिक १’ ही संख्या मूळच असते ना?

नाही, आणि ती सिद्धता तसं म्हणतही नाही. २ + १ = ३, २ × ३ + १ = ७, पुढे ३१, २११, २३११, सगळ्या मूळ. मग २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३००३१, आणि ती ५९ × ५०९ आहे. सिद्धतेचं म्हणणं एवढंच की या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक यादीबाहेरचा असतो. ५९ आणि ५०९ दोघेही यादीत नव्हते. सिद्धता शाबूत आहे, चूक ती सांगण्यात होते.

२^न − २ ला न ने भाग गेला, तर न मूळ असते का?

न मूळ असेल तर २^न − २ ला न ने भाग जातो, हे फर्माचं छोटं प्रमेय. इथे प्रश्न व्यत्यासाचा आहे. २, ३, ५, ७, ११ ला जातो. ४, ६, ८, ९, १० ला जात नाही. ३०० पर्यंत हेच चालतं, आणि मन म्हणतं, मूळ संख्या ओळखायची किल्ली सापडली.

मग ३४१ येते. ३४१ = ११ × ३१. आता २^१० = १०२४, आणि १०२३ = ३ × ३४१. म्हणजे २^१० ला ३४१ ने भागलं की बाकी १. त्याचा ३४ वा घात घेतला तरी बाकी १, म्हणून २^३४० ची बाकी १, २^३४१ ची बाकी २, आणि २^३४१ − २ ला ३४१ ने भाग जातो. शंभरहून जास्त अंकांची संख्या, आणि आपण ती न लिहिताच उत्तर मिळवलं. हे प्रत्युदाहरण १८१९ मध्ये सारुस या फ्रेंच गणितीने दाखवलं.

मुलं लगेच विचारतात, २ च्या जागी ३ घेतला तर? ३४१ पकडली जाते, ३^३४१ − ३ ला ३४१ ने भाग जात नाही. मग २ आणि ३ च्या जागी सगळ्याच संख्या घालून तपासलं तर? तरीही ५६१ सुटते. ५६१ = ३ × ११ × १७, आणि अ कोणताही घ्या, अ^५६१ − अ ला ५६१ ने भाग जातो. कारण ३, ११, १७ या प्रत्येकातून १ वजा केला की २, १०, १६ येतात, आणि ५६० ला तिन्हींनी भाग जातो. अशा संख्यांना कारमायकेल संख्या म्हणतात, आणि त्या अनंत आहेत हे १९९४ मध्ये सिद्ध झालं. रामानुजनमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही त्यांच्यातलीच: ७ × १३ × १९, आणि १७२८ ला ६, १२, १८ तिन्हींनी भाग जातो. तपासून बघा.

आपल्याकडचं एखादं उदाहरण आहे का?

आहे, आणि फार सुंदर आहे. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला ‘हर्षद संख्या’ हे नाव दिलं, म्हणजे हर्ष देणारी. १८ हर्षद आहे: १ + ८ = ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. १९ नाही.

आता फॅक्टोरियल बघा, म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार. १० फॅक्टोरियल = ३६,२८,८००. अंकांची बेरीज २७, आणि भागाकार १,३४,४००, निःशेष. ११ चं बघा, १२ चं बघा, हर्षदच. वाटतंही तसंच, कारण फॅक्टोरियलमध्ये इतके अवयव ठासून भरलेले असतात की अंकांच्या बेरजेसारख्या लहान संख्येने भाग न जायचं कारण काय?

अटकळ ४३१ पर्यंत टिकते. ४३२ फॅक्टोरियलला पडते. त्याच्या अंकांची बेरीज ३८९७, आणि ३८९७ = ९ × ४३३. ४३३ ही मूळ संख्या आहे! १ पासून ४३२ पर्यंतच्या संख्यांच्या गुणाकारात ४३३ हा मूळ अवयव येणार कुठून? अवघ्या एकाने हुकलं.

मी हे वर्गात सांगते तेव्हा ‘९ × ४३३’ एवढंच फळ्यावर लिहून थांबते. कुणाला तरी आपोआप दिसतं, आणि मग एका बाकावरून दुसऱ्या बाकावर ते पसरत जातं.

संगणकावर शोधलं तर चालेल का?

जरूर. ४३२ फॅक्टोरियल कुणी हाताने करणार नाही. पण दोन गोष्टी सांभाळा. मोठ्या संख्यांना पुरेल अशी भाषा वापरा. ३२ बिटांच्या जागेत २^३२ + १ ठेवायला गेलात तर उरतो फक्त १, आणि तुमचा प्रोग्रॅम न कुरकुरता चुकीचं उत्तर देतो. पायथनमध्ये पूर्णांकांना ही मर्यादा नाही, म्हणून सुरुवातीला तीच बरी. भागाकाराऐवजी बाकी काढा. दशांश अपूर्णांकात केलेल्या भागाकारावर मोठ्या संख्यांसाठी विसंबू नका.

दुसरं, संगणक थांबला याचा अर्थ प्रत्युदाहरण नाही असा होत नाही. एक मालिका घ्या: शून्यावं पद ३, पहिलं ०, दुसरं २. पुढचं प्रत्येक पद मिळवायला लगतचं मागचं पद सोडून त्याआधीच्या दोन पदांची बेरीज करायची. ३, ०, २, ३, २, ५, ५, ७, १०, १२, १७, २२… पाचवं पद ५, सातवं ७, अकरावं २२. सहावं ५, आठवं १०, नववं १२. न मूळ असेल तर न व्या पदाला न ने भाग जातो, नाहीतर जात नाही, असं दिसतं. पेराँने १८९९ मध्ये याची चर्चा केली. पहिली फसवी संयुक्त संख्या २,७१,४४१, म्हणजे ५२१ × ५२१. ती सापडायला १९८२ साल उजाडलं. आज हाच शोध घरच्या संगणकावर घेता येतो, हा एक चांगला प्रकल्प आहे.

संख्या न दाखवता अटकळ खोटी ठरवता येते का?

येते. १ पासून कुठल्याही न पर्यंत, मूळ अवयवांची गिनती विषम असणाऱ्या संख्या (पुन्हा आलेला अवयव पुन्हा मोजायचा) सम असणाऱ्यांपेक्षा कमी कधीच नसतात, असं पोल्याने १९१९ मध्ये सुचवलं. न २ किंवा त्याहून मोठी घ्यायची. १९५८ मध्ये हेझलग्रोव्हने दाखवलं की ही अटकळ कुठेतरी मोडते, पण कुठे ते बोट ठेवून दाखवलं नाही. १९६० मध्ये लेहमनने प्रत्यक्ष संख्या दिली, आणि सगळ्यात लहान संख्या १९८० मध्ये तनाकाने शोधली: ९०,६१,५०,२५७. शाळेच्या परीक्षेत मात्र संख्या दाखवाच.

परीक्षेत किती लिहायचं?

तीन ओळी. संख्या लिहा, गृहीत पूर्ण होतं हे आकड्यांनिशी दाखवा, निष्कर्ष चुकतो हे बाकीसकट दाखवा. ‘१२ ÷ २४, भाग जात नाही’ एवढंही चालतं. ती संख्या कशी सुचली हे लिहायची गरज नाही. दहा उदाहरणं देऊ नका, त्यातलं एक चुकलं तर विनाकारण गुण जातात.

अजून न सुटलेलं असं काही आहे का?

ज्या संख्येच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते ती परिपूर्ण संख्या: ६, २८, ४९६, ८१२८. प्राचीन ग्रीकांना या चारच माहीत होत्या. त्यांवरून दोन अटकळी निघाल्या: पाचवी पाच अंकी असेल, आणि शेवटचे अंक आलटून पालटून ६ आणि ८ येतील. पाचवी निघाली ३,३५,५०,३३६, आठ अंकी. सहावी ८,५८,९८,६९,०५६, पुन्हा शेवटी ६. दोन्ही अटकळी गेल्या. ‘प्रत्येक परिपूर्ण संख्या सम असते’ ही अटकळ मात्र अजून उभी आहे. एकही विषम परिपूर्ण संख्या कुणाला सापडलेली नाही, आणि ती नसतेच हे कुणी सिद्धही केलेलं नाही.

सरावाला काही अटकळी द्याल?

खालच्यांपैकी काही खऱ्या आहेत, काही खोट्या. कोणत्या ते सांगत नाही. खोटी असेल तर प्रत्युदाहरण द्या आणि अट दुरुस्त करा, खरी असेल तर सिद्ध करा.

अ + ब ला आणि अ − ब ला क ने भाग जातो, तर अ ला क ने भाग जातो.

चार क्रमागत संख्यांच्या गुणाकाराला २४ ने भाग जातो. चार क्रमागत संख्यांच्या बेरजेला ४ ने भाग जातो.

न मूळ असेल तर २^न − १ मूळ असते.

न ला २ ने किंवा ३ ने भाग जात नसेल, तर न^२ − १ ला २४ ने भाग जातो.

अ^२ + ब^२ ला ३ ने भाग जातो, तर अ आणि ब दोघांनाही ३ ने भाग जातो. हे झालं की ३ च्या जागी ५ घेऊन पुन्हा बघा, आणि मग ७ घेऊन.